दुकानाची किल्ली वन्संना

मी, खाली सही करणारी, हयातभर लोकांचे कपडे बेतणारी शिंपीण, पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कोणाच्याही दडपणाविना माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते. मुलगा बाहेरच्या खोलीत येरझाऱ्या घालतो आहे. वकीलबाईंच्या मते ते दडपण धरत नाहीत.

कलम १. राहते घर व बँकेतील शिल्लक मुलाला. शिलाई मशीन सुनेला. तिला शिवता येत नाही, मुलाला येते. त्याने मशीन तिच्याकडे मागायला जावे, एवढीच माझी इच्छा.

कलम २. रस्त्याकडचे दुकान मात्र मुलाला नाही. त्याला तिथे मोबाइल विकायचे आहेत. "आई, दुकान काय चालेल!" म्हणाला. मी म्हटलं, "दुकान चालेल रे, माणसं कशी चालतील?" कारण सदर दुकानातून आम्ही गल्लीतल्या बायका व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, पलंग असे आजारपणाचे सामान लोकांना फुकट वापरायला देतो. बरे वाटले की परत आणायचे, एवढीच अट.

सुरुवात यजमानांपासून झाली. मांडीचे हाड मोडले म्हणून व्हीलचेअर घेतली. हाड जुळले, पण पुढाऱ्यासारखी त्यांची खुर्ची काही सुटेना. चहा मागायलाही बसल्या बसल्या स्वयंपाकघरात यायचे. एकदा बेकरीवाल्याची आई पडली. मी यजमानांना उठवले आणि खुर्ची तिकडे पाठवली. त्याच दिवशी ते चालू लागले.

कलम ३. सदर दुकान सामानासकट माझ्या नणंदेच्या ताब्यात राहील. हे ऐकून गल्ली तोंडात बोटे घालेल, म्हणून खुलासा.

वन्संनी गुडघ्यांसाठी आमच्याकडून कमोडची खुर्ची नेली. गुडघे बरे झाले, खुर्ची आली नाही. एका संध्याकाळी त्यांच्याकडे गेले, तर खुर्चीच्या झाकणावर मखमली उशी, आणि उशीवर त्यांच्या जावयाचे साहेब, हातात कपबशी. मी म्हटलं, "साहेब, जरा उठता का? आतलं भांडं आमचं आहे." साहेब उठले ते थेट जिन्यात. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, आजपासून तू मला मेलीस." त्या हिशेबाने हे मृत्युपत्र उशिराच होत आहे. माझे चुकले असे मी आजही मानत नाही.

मग वर्षानुवर्षे अबोला. पुढे वन्सं न्हाणीघरात घसरल्या. त्यांची लेक वॉकर मागायला आली. आमच्या नियमात भांडणाला अपवाद नाही, म्हणून तो घेऊन मीच गेले.

"तू कशाला आलीस?"

"उंची लावायला. उभ्या राहा."

उभे राहायला त्यांना माझ्या गळ्यात हात टाकावे लागले. "सोडू नकोस गं," कानात पुटपुटल्या.

"वन्सं, मेलेल्या माणसाला इतकं आवळू नये."

दोघी इतक्या हसलो की पडता पडता वाचलो.

बऱ्या झाल्यावर वॉकर पुसून घेऊन आल्या, सोबत कमोडची खुर्ची, आणि दुकानाच्या कामाला राहिल्याच. तेव्हापासून वसुली त्यांच्याकडे. सामान परत न करणाऱ्यांच्या सगळ्या सबबी त्यांच्या स्वतःच्याच वापरून झाल्या आहेत. परवा एक गृहस्थ म्हणाले, "मामांना अजून चालवत नाही." वन्सं म्हणाल्या, "मग आत्ता मागच्या खिडकीतून उडी मारली ती कोणी?"

कलम ४. मी आता ज्यावर पडून आहे तो पलंगही दुकानाचा. मी गेल्यावर आधी तो धुऊन परत करावा, मग रडावे. पुढचे माणूस खोळंबले असेल.

वन्संना साक्षीदार व्हायचे होते. ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये, असे वकीलबाईंनी सांगितले. तेव्हा वन्संनी हा मसुदा वाचला. बराच वेळ चष्मा पुसला.

"वहिनी, मी तुझ्याहून मोठी. म्हणजे मला तुझ्याआधी जायची सोयच ठेवली नाहीस."

"नाही ठेवली."

"मग तुला तरी कसली घाई? मला अजून पलंग वरखाली करायचा दांडा फिरवता येत नाही."

ते खरे आहे. म्हणून सही आज करते, बाकीचे सवडीने.

सही: शिंपीण
साक्षीदार: १. बेकरीवाला, २. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली नर्स
ठिकाण: दुकानाचा पलंग, खिडकीजवळ
तारीख: मुलाने येरझाऱ्या थांबवून स्वतःच्या हाताने घातली आहे ती