नाथाजींच्या पानमळ्यातलं तांबं

सांगली, ८ नोव्हेंबर १९४९
आमच्याकडे विड्याची पानं घालणारे नाथाजी आज दारातच बसून राहिले. मिरजेजवळचा त्यांचा पानमळा सुकतोय. खापर कुणावर? सुनेवर! राही विटाळशी असताना मळ्यात शिरली म्हणून वेल गेले म्हणे. तिला मलकापूरला माहेरी धाडलीसुद्धा. नवरा पलटणीत, तिची बाजू घेणार कोण?
विचारलं, "ती काय म्हणते?"
"न्हाई शिरले म्हनती. म्हनंलच की!"
असा संताप आला! म्हटलं, मळ्यातली माती आणा.

१२ नोव्हेंबर
मातीत तांबं! रोग पडू नये म्हणून वेलांवर मोरचूद मारतात, त्यातलं तांबं वर्षानुवर्षं मुरलंय. वेल सुकला की नाथाजी आणखी मारतात — आगीत तेल. तांब्याच्या कसोटीला आलेला तपकिरी रंग दाखवला, तर म्हणतात, "रंग काय, रंगारी बी काढतोय, वैनी."
बरं तर. त्यांच्या कानांनाच ऐकवते!

१९ नोव्हेंबर
ह्यांनी मिरजेच्या डॉक्टरांकडून कॅन्सरवर वापरतात ती रेडियमची नळी मिळवली. रेडियमशेजारी बेरिलियमची पूड ठेवली की न्यूट्रॉन निघतात. ते तांब्यात शिरले की तांबं पुढे बराच वेळ किरण सोडत राहतं, आणि ह्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत केलेलं किरण ओळखणारं यंत्र टिकटिकतं. मातीचा आटवलेला अर्क दिवसभर नळीपाशी ठेवला, मग यंत्राजवळ धरला. टिकटिक! मी नाचलेच.
मग आमच्या परसातल्या मातीचा, तसाच नळीपाशी ठेवलेला अर्क धरला. तोही टिकटिक. तोंडात मारल्यासारखं झालं.

२० नोव्हेंबर
मँगॅनीज! ते सगळ्याच मातीत असतं, तेही किरण सोडतं, पण लवकर थंडावतं. आज सकाळी परसातली माती गप्प — मळ्यातली अजून बोलतेय! हे ह्यांच्या आधी मला सुचलं. लिहून ठेवते; कॉलेजात हे आपलंच म्हणून सांगतील.

२४ नोव्हेंबर
नाथाजी यंत्राला कान लावून बसले. दोन्ही अर्क काल दिवसभर पुन्हा नळीपाशी ठेवून रात्रभर थंडावू दिले होते. आधी परसातली माती, गप्प; मग त्यांची, टिकटिक.
"माज्याच मळ्यातली न्हवं ही?"
"तुम्हीच आणलीत."
मग पटका सारखा करत उठले. "म्हंजी मीच मारला मळा. सुनंला आनाया जातो, वैनी."
एम.एस्सी.ला पहिली आले तेव्हाही एवढा अभिमान वाटला नव्हता! ह्यांना दोनदा सांगून झालं, तरी पोट भरेना.

२७ नोव्हेंबर
नाथाजी एकटेच परतले. राही आली नाही. तिचे शब्द तेवढे सांगितले, मान खाली घालून —
"मातीचं ऐकाया सांगलीला गेलासा, मामंजी. माजं तर घरातच ऐकाया येत हुतं."