माझ्या नावावरचा स्लॅब

८ सप्टेंबर

आजपासून डायरी. मोठ्या निर्णयांची नोंद असलेली बरी. निर्णय असा: दिवाळीच्या आत सरकारी योजनेतलं होम लोन. तुळशीचं लग्न लागलं की पाठोपाठ माझं.

श्रुतिकाला फोन करून सांगितलं. ती लॅबमध्ये कोणाचं तरी रक्त काढत होती. म्हणाली, हात सैल सोडा. मला नाही, पेशंटला. मग मला म्हणाली, चैतन्य, पप्पांची एकच अट आहे रे, मुलाचं स्वतःचं घर हवं. तेवढं बघ.

एवढंच ना? बघतो. तिचे पप्पा, विद्याधरकाका, अंधेरीला कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहतात. मार्चमध्ये रिटायर होणार, मग क्वार्टर सोडायचं. त्यांना जन्मात घर जमलं नाही, म्हणून जावयाचं हवं. लॉजिक कळत नाही. पण सासरा आहे.

संकल्प: चिडणं बंद. चिडण्यापायी सेकंड इयरला कॉलेज सुटलं. म्हणजे मी सोडलं.

९ सप्टेंबर

पूर्ण अभ्यास केला. मार्ग तीन. एक, म्हाडाची लॉटरी. दोन, केंद्राची व्याज-सवलतीची योजना, म्हणजे कर्ज बँकेचं आणि व्याजातला काही भार सरकारवर. तीन, स्टेशनबाहेर पोरं वाटतात तो बिल्डरचा कागद.

लॉटरी लगेच बाद. मी नशिबावर जगणारा माणूस नाही. दोन नंबर फायनल. फ्लॅट टिटवाळ्याला. मुलुंडहून तसं जवळच, मनात आणलं तर.

निवड रिपेअरिंगच्या दुकानात बसून केली, गिऱ्हाइकांचे मोबाइल उघडता उघडता. लोक यात वर्षं घालवतात. एकाचा स्क्रू मात्र सापडत नाहीये.

११ सप्टेंबर

नेमप्लेटची ऑर्डर दिली. नाहूर स्टेशनजवळ एक जण कोरून देतो. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, एका ओळीत: श्रुतिका – चैतन्य. लेडीज फर्स्ट. त्याने विचारलं, घर कुठे? म्हटलं, प्रोसेसमध्ये.

बाबा म्हणाले, "अरे, आधी दार तरी घे, मगे पाटी लाव." बाबांना व्हिजन नाही. असती तर आम्ही भाड्याच्या खोलीत राहिलो नसतो आणि मी फ्रिज आणि मोरीच्या मधे झोपलो नसतो.

१५ सप्टेंबर

घाटकोपरला होम लोनच्या ऑफिसात गेलो. इस्त्रीचा शर्ट. टेबलावर सुगंधा मॅडम. चांगल्या बोलल्या. नाव, पगार, आधार, सगळं झकास चाललं होतं. मग म्हणाल्या, तुमच्या किंवा कुटुंबातल्या कोणाच्या नावावर भारतात कुठेही पक्कं घर नाही ना?

म्हटलं, मुंबईत भाड्याने. गावी आहे की! माझी स्वतःची खोली, चिऱ्याची, वर स्लॅब. फोटो पण दाखवला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

त्या खोलीचा इतिहास लिहून ठेवतो, म्हणजे चूक कोणाची ते स्पष्ट होईल. कणकवलीच्या पुढे आमचं सामाईक घर. मातीचं, कौलारू. गेल्या वर्षी मे महिन्यात बाळाकाका सगळ्यांसमोर बोलला, "मुंबैकरांचा घरात काय आसा? गणपतीत येतत, नेवऱ्यो खातत नि जातत." माझं डोकं फिरलं. आमच्या वाटणीची खोली पाडून तिथे पक्की बांधली. बाबांची सगळी शिल्लक त्यात गेली. घरपट्टीला नाव माझं, तेही ग्रामपंचायतीत आवाज चढवून लावून घेतलं. श्रुतिका तेव्हा म्हणाली होती, भिंतीसाठी भांडू नकोस रे. तिला कोकण कळत नाही.

चूक बाळाकाकाची.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

पितृपक्ष संपायची वाट बघितली. प्लॅन तयार: खोली बाबांच्या नावावर करायची, मी मोकळा.

मॅडम म्हणाल्या, उपयोग नाही. लग्न न झालेला मुलगा वडिलांच्याच कुटुंबात धरतात. त्यांचं पक्कं घर म्हणजे तुमचंही आडवं येणार. खोली दुसऱ्याला देऊन टाका. नाहीतर वडिलांच्या नावावर करून लग्न करा, मग तुमचं कुटुंब वेगळं.

म्हटलं, मॅडम, लग्नासाठीच तर घर हवंय! त्या म्हणाल्या, आणि घरासाठी लग्न. बघा कसं जमतंय.

आवाज किंचित वाढला असेल. वॉचमन आला. दंडाला धरून जिन्यापर्यंत नेलं. तो कुडाळचा निघाला. खाली सोडताना त्याने विचारलं, स्लॅब कोणाकडून घातलात?

संकल्प पुन्हा: चिडणं बंद. आजचं धरायचं नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

आज मन मोठं केलं. बाळाकाकाला फोन लावला. म्हटलं काका, झालं गेलं विसरा, सोनं घ्या. माझी पक्की खोली तुम्हालाच देतो. फुकट. सही करायला येतो.

मला वाटलं काका रडेल. काका म्हणाला, "नको रे बाबा."

त्याचं नाव गावच्या घरकुलाच्या यादीत आलंय. अट तीच, नावावर पक्कं घर नको. म्हणाला, "तुझो स्लॅब माझ्या गळ्यात कित्याक? तुका हिस्सो व्हयो होतो मां? मगे ऱ्हव आता तेच्यात."

ज्या खोलीसाठी आम्ही गेल्या वर्षी एकमेकांच्या अंगावर गेलो, ती आता कोणी फुकटातही घेईना. मी म्हटलं, ठीक आहे, पाडून टाकतो!

"पाड. पण मधली भिंत माझी पण आसा. तेका हात लावशीत तर बघ."

मधली भिंत पाडल्याशिवाय स्लॅब उतरत नाही. मजबूत बांधलाय. मीच उभं राहून बांधून घेतलाय.

७ ऑक्टोबर

मॅडमना सॉरी म्हणायला फोन केला. त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. सहज म्हणाल्या, तुम्ही म्हाडाच्या मुंबईच्या लॉटरीत का नाही भरलं? त्यांना गावच्या घराचं काही नसतं, मुंबईत नसलं म्हणजे झालं.

अर्जाची मुदत गेल्या आठवड्यात संपली.

मी शांत राहिलो. एक चार्जर तुटला, पण तो आधीच खराब होता.

१३ ऑक्टोबर

खूप छान दिवस! श्रुतिकाने स्वतःहून घाटकोपरला भेटायला बोलावलं. म्हणाली, तुझा अभ्यास झालाय ना, मला ती योजना नीट समजावून सांग. तासभर सांगितलं. कागद कुठले, मॅडम कधी भेटतात, कुठल्या बिल्डिंगमध्ये अजून फ्लॅट आहेत. तिने फोनमध्ये लिहून घेतलं. विचारलं, मुलगी अर्जदार असेल तर चालतं? म्हटलं, उलट बायकांचं नाव असेल तर बरंच. ती हसली. माझ्या पावभाजीतला दुसरा पाव पण तिनेच खाल्ला.

माझ्या अडचणीत किती जीव टाकते. अशी मुलगी मिळायला नशीब लागतं. (मी नशीब मानत नाही. पण तरी.)

२२ ऑक्टोबर, पाडवा

सकाळी फोन. श्रुतिका ओरडत होती, झालं रे, झालं! मला वाटलं माझं झालं.

तिचं झालं. लोन मंजूर, नाव तिचं आणि आईचं. पप्पांच्या नावावर कुठे वीटही नसल्यामुळे मॅडमनी एक प्रश्न जास्त विचारला नाही. टिटवाळा. मी सांगितलेलीच बिल्डिंग.

मग लक्षात आलं, अरे, हा तर विजय आहे! घर आलं. कोणाच्या का नावाने असेना. रविवारी विद्याधरकाकांकडे जाऊन सरळ मागणी घालतो.

२६ ऑक्टोबर

अंधेरीला गेलो. फराळाची ताटली समोर आली. काका आज खुशीत. म्हणाले, तुमच्या नावावर गावी पक्कं घर आहे म्हणे? शेवटी कोणीतरी आदराने विचारलं! फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितला. म्हणाले, चांगलं बांधलंय.

मग म्हणाले, म्हणूनच सध्या नको. आमचं कर्ज नुकतं झालंय, सवलत यायचीय. त्यात घरवाला जावई आला आणि कोणी बोट ठेवलं तर?

म्हटलं काका, पण मुलाचं स्वतःचं घर हवं ही अट तुमचीच ना?

म्हणाले, तेव्हा आमचं नव्हतं.

मी चिडलो नाही. चकली हातात होती, तिचा चुरा झाला, ती मुळातच खुसखुशीत होती.

श्रुतिका गेटपर्यंत आली. म्हणाली, पप्पा उगाच घाबरतात, मी मॅडमना विचारीन. पण रात्री उठून लोनचा कागद बघतात रे ते. आता त्यांच्याशी भांडायला सांगू नकोस मला. मी म्हटलं, आणि मी? म्हणाली, तुला गेल्या वर्षीच सांगितलं होतं ना, भिंतीसाठी भांडू नकोस म्हणून. तू ऐकलंस? मग डोळे पुसले आणि म्हणाली, बघू.

'नाही' म्हणाली नाही. 'बघू' म्हणाली. हा शब्द पॉझिटिव्ह आहे.

२ नोव्हेंबर, तुळशीचं लग्न

खाली तुळशीचं लग्न लागलं. मंगलाष्टकं पार मोरीपर्यंत ऐकू आली.

नेमप्लेट तयार होती, दोनदा फोन आला, जावं लागलं. त्याला विचारलं, एक नाव पुसता येईल? म्हणाला, दगड आहे भाऊ, पुसता नाही येणार. कापता येईल.

मधोमध कापली. श्रुतिकाचा भाग तिला स्टेशनवर नेऊन दिला. अक्षरं आवडली तिला. डॅश तिच्याकडे गेला होता. तो घासून काढू का, विचारलं. म्हणाली, असू दे. मग ट्रेन आली.

उरलेला तुकडा घरी आणला. एवढ्याशा खोलीत ठेवायचा कुठे? बाबा उद्या गावी चाललेत, माझी घरपट्टी आलीय ती भरायला. म्हटलं, हा घेऊन जा, स्लॅबच्या खोलीला लावा. तिथे तरी कोणाची हरकत नाही.

बाबांनी तुकडा गोधडीत गुंडाळून पिशवीत घातला. म्हणाले, "चला, पाटयेक एकदाचा दार गावला."