संध्याकाळचं जेवण

प्रिय ताई,

तू डोकं भादरून विहारात पांढरी वस्त्रं घेतलीस त्याला किती वर्षं झाली, सगळं गाव तुला माताजी म्हणून हात जोडतं, आणि मी अजून ताईच म्हणते. रागावू नकोस. माताजी म्हणायला लागले तर मला मनातलं काही लिहिताच येणार नाही.

पिमला दवाखान्यातून घरी आणलंय. तुझी भाची वीस वर्षांची घोडी झाली, आणि मी तिच्याशेजारी बसून तिला एकेक घास खायला लावते. तिच्या पाठीवर पाणी घालताना हल्ली मी दुसरीकडे बघते. नुसते मणके दिसतात गं.

हे सुरू झालं तेव्हा आपण सगळे किती खूश होतो! पावसाळ्याच्या तीन महिन्यांच्या वर्षावासात कुणी दारू सोडतं, कुणी मांस. पिमने तुझ्यासमोर गुडघे टेकून अष्टशील घेतलं, आठ नेम, त्यातला एक म्हणजे दुपारनंतर अन्नाला शिवायचं नाही. आमच्या दुकानात शेवया खायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "नशीब काढलंस गं लामदुआन! आमच्या कार्ट्या आरशापुढून हलत नाहीत." मी फुगून जायचे. वर्षावास संपला, समोरच्या फाओकाकांनी त्याच संध्याकाळी बाटली उघडली. पिमने मात्र नेम सोडला नाही. पुढे सकाळचंही कमी झालं. तिच्या आवडीचा नारळाच्या दुधातला कोंबडीचा रस्सा मी करायचे, आणि ती तो उचलून दारात आलेल्या भिक्खूंच्या पात्रात घालायची. दानाला आडवं कोण जाणार? "आपल्या घरच्या जेवणावर भन्ते गुटगुटीत व्हायला लागलेत," अशी तिचे बाबा थट्टा करायचे. मग ती विहारात प्रार्थनेला बसल्या जागी कोसळली.

दवाखान्यात आमच्यासारख्या आईबापांना एकत्र बसवतात. तिथल्या नर्सबाई म्हणतात, भांडू नका, हातापाया पडू नका, तिच्याबरोबर बसून तुम्हीही जेवा. ती टाकून बोलेल तेव्हा तो आजार बोलतोय समजा. समजायला काय जातं? संध्याकाळी पेजेचा वाडगा पुढे ठेवला की पिम म्हणते, "आई, तू माझं शील मोडतेस. मला नरकात ढकलतेस." ती रडते आणि मी तिच्यासमोर माझी पेज गिळत राहते. नंतर बाबा पट मांडतात, न्हाणीघरात जाऊन तिने सगळं ओकून टाकू नये म्हणून तिच्याशी सोंगट्या खेळतात आणि मुद्दाम हरतात. एखाद्या दिवशी तिला हसू येतं. तेवढ्यावर आम्ही दुसऱ्या दिवशीची चूल पेटवतो.

गेला आठवडाभर ती मुकाट्याने जेवते आहे. डॉक्टर खूश झाले. मलाही वाटलं, सुटलो. काल बघते तर तिचे पांढरे कपडे इस्त्री करून पिशवीत भरलेले. म्हणाली, "मी मावशीकडे राहायला चाललेय, कायमची. तिथे कुणी माझ्या मागे लागणार नाही." तू पाठवलेला निरोपही दाखवला, ये बाळा, मन शांत होईल. तू मायेनेच बोलावलंस, मला कळतं. पण तिथे ती पुन्हा खाणं सोडेल आणि येणारे-जाणारे तिला नमस्कार करतील. या वेळी ती हाती लागणार नाही, असं डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलंय. एवढ्या मोठ्या मुलीला मी कोंडून तरी कशी ठेवू?

म्हणून हे पत्र. ती तुझ्यापुढे गुडघे टेकेल आणि आठ शीलं मागेल. पाचच दे, त्यांत संध्याकाळच्या जेवणाची बंदी नसते. आजाऱ्याला जेवणाची सूट असते, हे तुझ्या तोंडून ऐकलं तरच तिला पटेल. आणि ताई, आणखी एक मागते. एकटीने ती खाणार नाही. तू इतकी वर्षं संध्याकाळी पाण्याशिवाय काही घेतलं नाहीस, ठाऊक आहे मला. पण अंधार पडला की तिच्यासाठी भात वाढ, स्वतःसाठीही वाढ, आणि पहिला घास तू घे. पुण्य वाटून देता येतं म्हणतात. पाप देता येत असेल, तर ते सगळं मला दे.

तुझीच धाकटी,
लामदुआन