सलग झोप

३ फेब्रुवारी, सोमवार

झोपच नाही! मशीन लावून पहिली रात्र. नाकावर मास्क, डोक्यामागून पट्टे, छातीवर ती नळी — कूस बदलली की ओढ बसते. पहाटे उठले तर कपाळ जड, कानशिलं ठणकतायत. अगं, डोकेदुखीसाठीच तर हे आणलं ना?

पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या — "झोपेत तुमचा श्वास अडतो. म्हणून सकाळी डोकं दुखतं, म्हणून दिवसा डुलक्या येतात. हे मशीन हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवतं." घसा उघडा राहिला असेल. डोळेही उघडेच राहिले!

सासूबाई पलीकडच्या खाटेवरून बघत होत्या. सकाळी म्हणाल्या, "रत्ना, हत्तीची सोंड लावल्यावानी दिसत हुतीस गं."

हे रात्रपाळीला, शिरवळच्या कंपनीत. सुटले बिचारे.

५ फेब्रुवारी

डोकं. गोळी घेऊन अंगणवाडीत गेले.

८ फेब्रुवारी

तोंड कोरडं पडतं, जीभ टाळूला चिकटते. पोटात हवा जाते, सकाळभर ढेकर. अंगणवाडीतल्या मदतनीस फुलाबाईनं खिचडी ढवळता ढवळता विचारलं, "बाई, रातीला काय सोडा पिता का काय?" हसले. पण हसायलाही ताकद लागते.

खरा वैताग वेगळाच. सासूबाईंना रात्री लघवीला उठावं लागतं. मागं मोरीत घसरून पडल्या, तेव्हापासून एकट्या जात नाहीत. मीच हात धरून नेते. पूर्वी हाक आली की उठायचं, एवढंच होतं. आता आधी मास्क काढा, नळी बाजूला करा, मशीन बंद करा, मग त्यांना न्या. परत आलं की सगळं पहिल्यापासून. जरा डोळा लागतो तोवर — "रत्नाऽ, ए रत्ना..."

त्यांचा काय दोष! पण वैताग येतो. कुणाला सांगू?

१२ फेब्रुवारी

पिंकीचा फोन. पुण्यात नर्सिंगला गेल्यापासून लेक माझी डॉक्टर झालीय! "आई, पट्टे आवळू नकोस, त्यानंसुद्धा डोकं दुखतं." सैल केले. तर हवा कडेनं सुटून डोळ्यात. डोळे लाल. परत आवळले. आता कपाळावर वळ उठलेत, दिवसभर जात नाहीत. फुलाबाई म्हणते बैलाच्या शिंगाला दोरी बांधल्यागत दिसतंय.

गोळी सकाळी. गोळी संध्याकाळी.

१६ फेब्रुवारी, रविवार

भोरच्या बाजाराला गेले नाही. ह्यांना म्हटलं तुम्हीच जा. दुपारी पडले मशीन न लावता. उठले तर सासूबाई दाराशी बसलेल्या. "घोरत हुतीस. मधीच बंद. म्या घाबरले. हाका मारल्या तर म्हणतीस, काय झालं!"

किती वर्षं ऐकतायत कुणास ठाऊक. बाईमाणसानं घोरायचं म्हणजे लाज! माहेरी गेले की मी सगळ्यांच्या शेवटी झोपायची, मुद्दाम. सासूबाईंनी मात्र कधी टोमणा मारला नाही. एवढं मानलं पाहिजे.

१९ फेब्रुवारी

लाईट गेली. मशीन बंद, मास्क तसाच तोंडावर. कुणीतरी उशी दाबतंय असं वाटून ओरडत उठले. सासूबाई पण ओरडल्या, मी ओरडले म्हणून! मग दोघी अंधारात बसून राहिलो. त्या म्हणाल्या, "च्या टाक." टाकला.

डोकं दुखलंच.

२५ फेब्रुवारी

लिहून काढते म्हणजे झोप तरी येईल.

खिचडी झाली, पोरांना बसवलं. फुलाबाई भांडी घासायला मागं गेली. मी भिंतीला टेकून अंकांची गाणी म्हणत होते. म्हणता म्हणता कधी डोळा लागला — कळलंच नाही! जाग आली ती बाहेरच्या आरड्याओरड्यानं. शेफाली, तीन वर्षांची पोर, रस्त्यावर. उसाचा ट्रॅक्टर करकचून थांबलेला, आणि सोनबा — तोच ट्रॅक्टर चालवतो — पोरीला काखोटीला मारून माझ्या दारात.

"बाई, आवो ब्रेक लागला म्हणून! न्हाईतर काय केलं आसतं आपुन?"

शेफालीच्या हातात खिचडीची वाटी तशीच होती. सांडलीसुद्धा नव्हती.

तिची आई आली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पोरीला कडेवर घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि गेली.

२७ फेब्रुवारी

सुपरवायझर मॅडम आल्या. चांगल्या बोलल्या, म्हणूनच जास्त लागलं. "तब्येतीला झेपत नसेल तर सांगा बाई. पोरांचा प्रश्न आहे." मग बाहेर जाऊन फुलाबाईशी हळू बोलत उभ्या राहिल्या.

पटावर बारा पोरं. आज चारच आली. शेफाली नव्हती.

२ मार्च, रविवार

ह्यांना सांगितलं, मशीन परत देऊन टाका. आणल्यापासून डोकं जास्त दुखतंय. नोकरी जाईल आता माझी. ह्यांनी मशीन पुसलं, नळी गुंडाळली, पिशवीत ठेवलं. मग पिशवी माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "द्यायचं तर देऊ. पर द्यायच्या आधी त्या बाईला एकदा तोंडावर विचारून तर ये, का लागू पडंना म्हणून. मग म्या हाय."

रात्रपाळी करून आलेला माणूस. डोळे त्यांचेही लाल. दोघांपैकी एकाला तरी झोप हवी!

६ मार्च

कापूरहोळपर्यंत टमटम, पुढं एसटी. गाडीत झोपले. शेजारच्या बाईनं स्वारगेटला हलवून उठवलं.

डॉक्टरीणबाईंनी मशीनमधलं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्या कपाळाकडे बघितलं.

"पट्टे एवढे का आवळता?"

"हवा सुटते डोळ्यात."

"सुटणारच. मास्क मोठा आहे तुम्हाला." आपल्या हातानं दुसरा लावून बघितला. लहान, मऊ. मला झोपवून, कुशीवर वळवून बघितलं. हवा सुटली नाही. हे आधी का नाही केलं, असं ओठावर आलं होतं. गिळलं.

मग म्हणाल्या, "डोकेदुखीला काय घेता?"

"गोळी."

"कधी?"

"दुखलं की."

"म्हणजे रोज?"

"रोज. कधी दोन्ही वेळेला." मशीन यायच्या कितीतरी आधीपासून! मेडिकलवाला मला बघितलं की न विचारता पाकीट काढतो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "रोज रोज घेतली की तीच गोळी डोकं दुखवायला लागते. गोळी बंद. सुरुवातीला दुखणं वाढेल, घाबरू नका. पण सहन होण्यापलीकडं गेलं किंवा काही वेगळं वाटलं तर लगेच फोन करा."

मी तर रडायलाच लागले. जी औषध म्हणून घेतली तीच!

उठता उठता त्या म्हणाल्या, "अजून एक. रात्रीतून तुमचा मास्क सारखा निघतोय. का?" सासूबाईंचं सांगितलं. "दुसरं कुणी उठू शकतं का? तुम्हाला सलग झोप मिळाल्याशिवाय मशीनचा पूर्ण फायदा नाही."

दुसरं कोण आहे!

७ मार्च

जेवताना ह्यांना सगळं सांगितलं. मास्कचं, गोळीचं. आणि हेही — "रात्री उठायचं नाही म्हणाल्यात. सलग झोप पाहिजे म्हणे." जरा मोठ्यानंच बोलले. थकले होते.

हे म्हणाले, "पाळी बदलून मागतो. ह्या महिन्यात न्हाई व्हायचं."

सासूबाई दुधात भाकरी कुस्करत होत्या.

९ मार्च

गोळी नाही. डोक्यात कुणी मुसळ घालतंय. पिंकीला फोन केला, रडले. "आई, एवढंच सोस. खरंच जाईल ते." सासूबाईंनी कपाळाला सुंठ उगाळून लावली. भाजलं. बरं वाटलं.

११ मार्च

दुखतंय. उलटी झाली. फुलाबाईला सांगून ठेवलंय — दाराला आतून कडी घाल आणि माझ्यासमोरून हलू नको. डोळा मिटला तर चिमटा काढ. तिनं एकदा काढलाही!

१३ मार्च

होळी. पुरणाचा वासही नको वाटला. पण दुपारनंतर — लिहू का? — कमी होतं.

१८ मार्च

रात्री एकदाही उठले नाही!! मास्क चेहऱ्यावर आहे हे सकाळी कळलं. बाहेर ऊन आलेलं, हे पाळीवरून येऊन चहा करत होते. डोकं — काहीच नाही. हलकं. हात लावून बघितलं, आहे की नाही म्हणून!

सासूबाईंना म्हटलं, "आत्या, हाक मारली नाहीत?"

"लागलीच न्हाई. तुजी झोप लागली तशी माजी बी लागली."

२४ मार्च

परत तसंच. आठवडाभर सलग झोपतेय. अंगणवाडीत आज सगळे खेळ घेतले, अगदी उड्यासुद्धा. फुलाबाई म्हणाली, "बाई, तुमी तर पोरीवानी दिसाया लागला!"

नऊ पोरं.

३० मार्च, पाडवा

ह्यांच्याबरोबर शेजारी पुरी-श्रीखंडाला जाऊन आले. रात्री उशिरा झोपले तरी सकाळी ताजी. हे म्हणाले, "पाळी बदलायचा अर्ज द्यायचाय." म्हटलं, राहू द्या आता. आत्या उठतच नाहीत. रात्रपाळीचा भत्ता कशाला सोडता.

५ एप्रिल

शेफाली आली! तिच्या आईनं दारापर्यंत सोडली. बराच वेळ बाहेर उभी होती, मी बघत होते. मग आत आली आणि म्हणाली, "बाई, हिला भात जास्त घाला. घरी खात न्हाई." बास. एवढंच बोलली. मी आत जाऊन डोळे पुसले.

९ एप्रिल

ऊन काय हे! पत्रा दिवसभर तापतो. सासूबाईंचं जेवण कमी झालंय. संध्याकाळी ताक दिलं तर "नगं, घशाला धरतंय." सरबत नको, चहा नको. उन्हाळ्यात त्यांचं असंच होतं. ओठ फुटलेत, तूप लावलं.

माझं मात्र झकास चाललंय. डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्या पण खूश. वहीत लिहायलासुद्धा आता वेळ मिळत नाही, पडले की झोप!

१४ एप्रिल, जयंती

सासूबाईंनी पांढरं पातळ नेसून घेतलं, विहारात आल्या. वंदना चालू असतानाच भिंतीला हात लावून खाली बसल्या. "चक्कर आली जराशी." ह्यांनी उचलून घरी आणलं. किती हलक्या झाल्यात! मिरवणुकीला थांबलो नाही. पिंकी आली होती. आजीच्या हाताची कातडी चिमटीत धरून बघितली. सोडली तरी कातडी तशीच उभी राहिली. पिंकीचा चेहराच बदलला. लगेच रिक्षा आणली. भोरला दाखल केलं.

१५ एप्रिल

सलाइन चालू आहे. दवाखान्यातले डॉक्टर माझ्यावरच आले — "म्हातारीच्या अंगात पाणी नाही. घरी देत नाही का?" मी तडकले. मागतील तेवढं देते, वर आग्रहही करते!

ते गेल्यावर सासूबाईंनी बोटानं जवळ बोलावलं. आवाज नव्हता, वाकून ऐकलं.

"त्यांच्यावर चिडू नगं. दिस मावळला की म्याच घोट घेत न्हाई. पाणी पिलं की उठावं लागतं. म्या उठले की तुला उठावं लागतं."

"आणि तहान, आत्या?"

"सकाळी भागती की."

आणि मी इथं लिहीत होते, मशीन लागू पडलं म्हणून.