मुलींची बॅच, सात ते आठ

४ मार्च

तरंगलो! एकाहत्तराव्या वर्षी, अकरा आकडे मोजून होईपर्यंत, पाण्यावर उताणा! मास्तरांचा हात पाठीखाली होता, मग नव्हता. कधी काढला कळलंच नाही. डोळ्यांपुढे नुसतं आभाळ. चौथीच्या पुस्तकातली नदीची कविता आपोआप तोंडात आली – चालीसकट. दुसऱ्या कडव्याला नाकात पाणी गेलं.

वकील (निवृत्त, हल्ली फक्त बायकोसमोर युक्तिवाद करतो) काठ धरून ओरडला, "अरे, कविता थांबव, बुडशील!"

दंतवैद्य म्हणाला, "बुडू दे. निदान ऐकावी तरी लागणार नाही."

सकाळी सहा ते सात, तलावावरची ज्येष्ठांची बॅच. आम्ही पाच जण. सगळ्यांची वयं मिळून साडेतीनशेच्या वर. मास्तर तिशीतला, शांत, फार अदबीचा. दर वेळी आधी विचारणार – "काका, पाठीला हात लावू? काका, मान धरतो, चालेल?" असा शिक्षक लहानपणी मिळता तर!

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "अकरा? बरं. केस पुसा आधी."

६ मार्च

आज एकोणीस.

९ मार्च

नात चार दिवस पोहायला गेलेली नाही. थोरल्याची मुलगी, कॉलेजसाठी आमच्याकडेच राहते. तिची बॅच आमच्या मागून, सात ते आठ, मुलींची. एरवी आमची गाठ फाटकात पडते – मी कुडकुडत बाहेर, ती उड्या मारत आत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कॉलेजच्या संघाची निवड आहे. दोन वर्षं ती त्या एका दिवसासाठी जगतेय. आणि आता खाडा?

संध्याकाळी विचारलं. ती कप हातात फिरवत बसली. मग म्हणाली, "आबा, मास्तरांचा हात नको तिथे जातो. एकदा नाही. आणि माझ्या एकटीच्याच बाबतीत नाही, अजून दोघी आहेत."

आणि मी काय बोललो? लिहायचीही लाज वाटते. म्हणालो, "अगं, शिकवताना हात लागतोच. तुझा काही गैरसमज तर..." वर पुस्ती जोडली – "आम्हाला तर तो विचारल्याशिवाय बोटसुद्धा लावत नाही!"

ती उठली. दारात थांबली. "तुम्हाला विचारतो ना? आम्हाला नाही विचारत."

१० मार्च

नात बोलत नाही. घरात कोणी रेडिओ बंद करावा तसं झालंय.

ही चहा ठेवून समोर बसली. "जन्मभर लोकांच्या डोळ्यांवर चष्मे बसवलेत. घरातली पोर काय सांगतेय, ते तुम्हाला दिसेना?"

"मी फक्त म्हटलं की मास्तर..."

"तेच. तिला रडू येत होतं आणि तुम्ही मास्तरांचं कौतुक सांगत होतात. जा आणि चुकलो म्हणा. शब्द फिरवायचे नाहीत. कविता म्हणायची नाही."

गेलो. "चुकलो," म्हणालो.

"माहितीये," ती म्हणाली. मग वही पुढे सरकवली. "तक्रार लिहायचीय. अक्षर तुझं चांगलंय. पण शब्द माझे."

बसलो लिहायला. जुनी खोड – एके ठिकाणी 'कोमल मनावर आघात' असं काहीतरी घुसडलं. तिने काट मारली. "आबा, माझं मन कोमल नाहीये. मला राग आलाय. राग लिही."

लिहिला. पानभर राग, माझ्या वळणदार अक्षरात. शेवटी दोघंही हसलो!

१२ मार्च

तिघींनी मिळून सकाळी अर्ज दिला. संध्याकाळी तलावाच्या फळ्यावर उत्तर – 'मुलींच्या सुरक्षिततेचा विचार करून मुलींची बॅच पुढील सूचनेपर्यंत बंद.' आमची बॅच चालू. मास्तरही चालू.

तलावाच्या सेक्रेटरीला गाठलं. त्याने मला बाजूला घेतलं. "काका, मुलींचंच नाव खराब होतं हो अशात. उगाच बोभाटा कशाला? आम्ही काळजीच घेतोय."

नात म्हणाली, "त्रास दिला त्याने आणि घरी मी बसायचं! वा!"

वकिलाचं म्हणणं, हा अर्ज असू द्या, पण पोलिसांकडेही जा. थोरल्याचा फोन आला – "बाबा, पोलीसबिलीस नको. तिला दुसरा एखादा खेळ बघू." मी काही बोलायच्या आत हिने फोन काढून घेतला. "तिचा खेळ ठरलेला आहे. तू ये आणि तिच्या शेजारी उभा राहा. येत नसलास तर मध्ये बोलू नकोस." आणि ठेवून दिला!

१४ मार्च

आज इतिहास घडवला. आम्ही पाचही जण पोहायच्या चड्ड्या, टोप्या, गॉगल अशा सगळ्या थाटात काठावरच्या बाकावर ओळीने बसलो. पाण्यात उतरायचं नाही! मास्तरांनी शिटी वाजवली. कोणी हललं नाही. परत वाजवली. दंतवैद्याने कान खाजवला.

सेक्रेटरी धावत आला. "काका, सर्दी होईल!"

वकील म्हणाला, "सुरक्षिततेचा विचार करून बाहेर बसलोय. पुढील सूचनेपर्यंत."

मला मात्र मास्तरांकडे बघवेना. ज्याने मला आभाळ दाखवलं, त्याच्याबद्दल हे मनात येणं – जड जातं. पण नातीचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. म्हणून मग बघितलंच. सरळ. त्याने मान खाली घातली.

१५ मार्च

मला चार शिंका. दंतवैद्याला सात. निर्धार कायम.

१७ मार्च

सभासदांची बैठक झाली. मास्तर हात जोडून उभा. "शिकवताना अनवधानाने लागतो हात. माझ्या लक्षातही येत नाही." मागून एक गृहस्थ म्हणाले, मुलींनीच जरा पोशाखाचा विचार करावा. दंतवैद्य तिथल्या तिथे उठला – "आमच्या चड्ड्या पाहिल्यात का? आम्हाला कधी अनवधान नडलं नाही!" हशा. पण त्या गृहस्थांनी पुन्हा तोंड उघडलं नाही.

मग मी उठलो. चांगली सुरुवात पाठ करून गेलो होतो, ऐन वेळी सगळी विसरलो. बरंच झालं. म्हणालो, "हा माणूस आम्हा म्हाताऱ्यांना दर वेळी विचारून हात लावतो. सहा महिने, रोज. म्हणजे विचारायचं असतं, हे त्याला ठाऊक आहे. मग मुलींनाच विचारायला कसं विसरतो?"

मास्तरने जोडलेले हात खाली घेतले.

मागे एक बाई उठल्या. "माझ्या मुलीनेही सांगितलं होतं. मीच तिला गप्प बसवलं." बसताना रडत होत्या. मग आणखी एक उठल्या. सेक्रेटरीने चष्मा काढला, पुसला, परत घातला – काच स्वच्छच होती, मला कळतं ना!

बाहेर आल्यावर नातीने माझा दंड धरला. घरापर्यंत धरून होती.

२० मार्च

पोलीस ठाण्यात तिघींचे जबाब झाले. थोरला आला! रात्रभर प्रवास करून, दाढी न करता. अडीच तास बाकावर बसून होता. लेक बाहेर आली तशी उभा राहिला. ती म्हणाली, "बाबा, भूक लागलीय." मग आम्ही सगळ्यांनी समोरच्या हॉटेलात इतकं खाल्लं, इतकं खाल्लं!

गुन्हा नोंदवला गेला. मास्तरला कामावरून काढलंय. पुढे कोर्ट, तारखा, सगळं व्हायचंय. लांबेल. वकिलाने काळा कोट इस्त्रीला टाकलाय.

२५ मार्च

मुलींची बॅच सुरू! नव्या शिकवणाऱ्या बाई आल्यात, आवाज शिटीपेक्षा मोठा. आमचीही बॅच त्यांच्याचकडे. दंतवैद्याला पहिल्याच दिवशी – "काका, पोट आत!" मला विचारलं, "पाठीला हात लावू?" म्हटलं, लावा. तरंगलो. तीस! कविता पूर्ण झाली, शेवटच्या कडव्यापर्यंत.

नात फाटकात भेटली. मी कुडकुडत बाहेर, ती उड्या मारत आत. "आबा, नाक पूस!" ओरडून गेली. काय गोड वाटलं!

७ एप्रिल

निवड झाली! थोरला फोनवर इतका ओरडला की फोन नसता तरी ऐकू आलं असतं.

१० एप्रिल

आज ही नातीबरोबर गेली. वाटलं, काठावर बसून बघेल. मी फाटकाबाहेर पिशवी सांभाळत. इतक्यात आतून धप्प आवाज, पोरींचा गलका. नात ओलीचिंब धावत आली. "आबा, आजीने सूर मारला!"

एक्कावन्न वर्षांचा संसार. हिला पोहता येतं, हे मला माहीत नव्हतं.

घरी येताना विचारलं. "हिच्याएवढी होते, तेव्हा शर्यती जिंकायचे," ती म्हणाली. "तिथेही एक होता. घरी सांगितलं. घरच्यांनी माझं पोहणं बंद केलं."

मी चालत राहिलो, ती सांगत राहिली. कोपऱ्यावर थांबून केस पिळले तिने, भर रस्त्यात. म्हणाली, "उद्या साडेपाचला उठवा मला. पाण्यात पाय अजून नीट पडत नाहीत."