पाचवं कडवं

३ जानेवारी
गाडीचं बारसं झालं. नाव मी सुचवलं — केळफूल. रंग तसाच जांभळट लाल, दारंही पाकळीसारखी वर उघडतात. निंबोल्याच्या रस्त्यावरच्या शेडमध्ये आमच्या निरंजननं आजवर चार स्पोर्ट्स गाड्या बांधल्या. ही पाचवी सहा तासांच्या शर्यतीत उतरणार. तो आणि सूनबाई पूनम आळीपाळीनं चालवतील.
बायको, शांता, म्हणाली, "सहा तास गोल फिरून परत तिथंच यायचं? आमच्या घाण्याचा बैल काय निराळं करायचा?"

७ जानेवारी
पुण्याच्या एका कंपनीचं पत्र. केळफुलानं सहा तास पुरे केले तर दोघांना शेडमधल्या सगळ्या सामानासकट तिकडे नेणार. नाही केले तर विषय संपला. पोरं नाचली. मीही टाळ्या वाजवल्या.
संध्याकाळी घर फार मोठं वाटलं.

१५ जानेवारी
नियम असा — पेट्रोलला थांबलं की तीन मिनिटं हलायचं नाही. "आधी सुटलो तर बाद," निरंजन म्हणाला. वेळ मोजायचं काम माझं! कागद कारखान्यात तीस वर्षं लगद्याचा नमुना तीन मिनिटं निथळवला, तो सहावीतल्या नदीच्या कवितेवर. ओल्या हातांनी घड्याळ कोण बघणार? आठ कडवी, की तीन मिनिटं.
पूनमनं मोबाइल लावून तपासलं. एकशे ऐंशी सेकंद. "बाबा, तुम्ही तर मशीन निकले."

२९ जानेवारी
रोज म्हणतो. चौथ्या कडव्यात, नावाडी हाक मारतो तिथं, अजून गळा दाटतो. पूनम म्हणते, दाटू देऊ नका, दोन सेकंद जातात.

२ फेब्रुवारी
शर्यत झाली.
चौथ्या तासाला पूनम पेट्रोलला थांबली. मी हिरवं फडकं धरून कविता म्हणत होतो. संपली, फडकं हलवलं, केळफूल सुटलं — आणि पंचसाहेब शिट्टी फुंकत धावत आले. "बाईस सेकंड पहले छोड़ दिया, दादाजी."
पाचवं कडवं राहिलं होतं.
पण बाद केलंच नाही! गाडी परत बोलावून पाच मिनिटं उभं राहायची शिक्षा. उभ्या उभ्या निरंजननं मागच्या चाकाला हात लावला, तर नट बोटांनी फिरला. "आणखी एक फेरी, आणि चाक पूनमच्या पुढे धावलं असतं." त्यानं सगळे नट आवळून घेतले.
सहा तास पुरे. सगळ्यांच्या मागे, पण पुरे. निरंजननं मला उचललंच. "बाबा, तुम्ही विसरलात म्हणून जमलं."

१२ फेब्रुवारी
पोरांचा ट्रक पुण्याला गेला. शेडमध्ये तेलाचे डाग तेवढे उरलेत.
शांतानं विचारलं, "आठवलं का हो ते कडवं?"
मी म्हणालो, नाही.
विसरलो कधी होतो?