गेरूची खूण

मुंजाबादादा,

तुझा पत्ता कुणाकडंच नाय, तरी लिहितोय. माझी ज्ञानेश्वरी कालपासून खोलीला आतून कडी लावून बसलीय. सोळा वर्षांची पोर, ताटाला हात लावला नाय. तिची आई दाराला डोकं टेकून रडतीय.

चूक माझीच हाय. दहावीत चांगले मार्क पडले म्हणून गुलमंडीच्या बाजारातून पाटी करून आणली, ‘डॉ. ज्ञानेश्वरी खंडेराव’. काल पाव्हण्यांसमोर हर्सूलच्या घरावर ठोकली. ती हळूच म्हणली, “बाबा, काय व्हायचंय ते मलाच अजून कळंना. थोडं थांबा ना.” मी हसलो.

दादा, तू बी असंच म्हणला व्हतास. तू बी सोळाचाच. लोकर कातरायच्या दिवशी मेंढरांच्या पाठीवर गेरूची खूण करता करता आपल्या बापानं, आण्णांनी, तुझ्या सदऱ्यावर बी खूण ओढली, “हे बी माझ्याच कळपातलं,” म्हणले. सगळे हसले. मी बी हसलो. सकाळी सदरा कुंपणावर व्हता, तू नव्हतास.

ज्ञानेश्वरी लहानपणी विचारायची, काका कुठं गेला? मी सांगायचो, कामाला.

पाटी आत्ताच उपटली. हाका मारल्या तर आतून एकच आलं, “जा तुम्ही.” सकाळी तिची बी खोली रिकामी दिसंल, या भ्यानं दारापाशीच बसून लिहितोय. हे पत्र तुला कुठं धाडू? तिच्याच दाराखालून आत सरकवतो.

तुझ्यावर हसलेला,
खंडू